बारकी खाली बसायची

पितृपक्षात गुरुजींनी दाजींना सरळ सांगितलं, तुमच्या गेलेल्या लेकीचं श्राद्ध नाही करता येत. दाजी म्हणजे आमच्या अक्काचे मिस्टर, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे, तसे फार बोलत नाहीत, पण त्या दिवशी हट्टालाच पेटले होते, की वडिलांचं पान वाढतोय तसं शेजारी एक छोटं पान वाढतो, कुणाचं काय बिघडतंय. गुरुजी वयानं मोठे, स्वभावानं चांगले, आमच्या घरचं सगळं तेच करत आलेत. ते म्हणाले, "अरे पितर म्हणजे आपल्या आधीचे. हे लेकरू तुमच्या मागनं आलेलं. ह्याला मी कुठल्या तिथीला बसवू?" दाजी गप्प झाले, आणि मला वाटतं त्यांना ते पटलं पण.

माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना. म्हणजे बघा, आपल्यात गेलेल्या प्रत्येकाची कुठंतरी सोय लावलेली असते. सवाष्ण गेली तर अविधवा नवमी, अपघातात नाहीतर हत्याराने गेलेल्याला चतुर्दशी, ज्याची तिथीच ठाऊक नाही त्याला सर्वपित्री अमावस्या आहेच. एवढ्या लेकराला आमच्यात अग्नीसुद्धा देत नाहीत, पुरतात. दहावं नाही, तेरावं नाही, वर्षश्राद्ध नाही. चारपाच दिवसांत शेजारच्या गल्लीत लग्नाचा बँड वाजला आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण म्हणावं तसं सुतक नव्हतंच.

आधी मी ह्यावर चिडायचो. नंतर वाटायला लागलं की ज्यांनी हे ठरवलं असेल त्यांच्यात माया नव्हती असं काही नाही. माझ्या आज्जीची स्वतःची तीन लेकरं पाळण्यातच गेली, त्यातल्या एकाचंही नाव आज घरात कुणाला सांगता येत नाही. त्या काळात घरोघरी तेच, देवी, गोवर, हगवण, आणि बाईला दुसऱ्या दिवशी जात्यावर बसायचंच असायचं, मग प्रत्येकाचं वर्ष पाळत बसली असती तर ती जगली कशी असती? विसरायला लावणं हीच तेव्हाची सोय. पण अक्का त्या काळातली नाही, आणि तिला विसरायचं नव्हतं. मलापण नव्हतं, म्हणून हे लिहायलोय.

भाचीचं खरं नाव इथं लिहीत नाही, तेवढं घरात राहू दे असं अक्काने सांगितलंय. आम्ही तिला बारकीच म्हणायचो. जन्मली तेव्हाच वजन कमी होतं आणि नंतरही काटा काही हलायचा नाही. दूध पिताना मध्येच थांबायची, कपाळावर घामाचे थेंब, दम लागायचा, परत प्यायची. आईला वाटायचं, उन्हाळा आहे, सोलापूरचा उन्हाळा, मोठ्या माणसाला घाम येतो तर तिला येणारच की. लसीला नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीवर स्टेथोस्कोप जरा जास्तच वेळ ठेवला, परत ठेवला, मग अक्काला बसायला सांगितलं. तिथून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, तिथून मोठं नाव, टेट्रालॉजी ऑफ फॅलो. गल्लीत मात्र सगळे "दिलात भोक आहे" असंच म्हणायचे.

भोक हा त्यातला एकच भाग. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुफ्फुसाकडं रक्त नेणारी वाट अरुंद, सगळ्या शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी सरकून बरोब्बर त्या भोकावर बसलेली, आणि अरुंद वाटेतून रक्त ढकलून ढकलून उजव्या कप्प्याची भिंत जाड झालेली. ह्या चार गोष्टी एकत्र येतात हे 1888 साली फ्रान्समधल्या मार्सेच्या फॅलो नावाच्या डॉक्टरने नीट मांडलं म्हणून त्याचं नाव. अशुद्ध रक्त फुफ्फुसात पुरेसं न जाता तसंच शरीरात फिरतं, त्यामुळं ओठ, नखं, जीभ निळसर दिसतात. पूर्वी इंग्रजीत अशा बाळांना ब्लू बेबीच म्हणायचे.

आमच्याकडं पहिला प्रश्न काय निघाला तर ग्रहणात अक्काने विळी हातात घेतली होती का. दुसरा, दाजींच्या घराण्यात कुणाला होतं का. अक्का ते सगळं खाली मान घालून ऐकून घ्यायची. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी तिला एक गोष्ट सांगितली ती मला आजही सोन्यासारखी वाटते, की अहो, पोटातल्या बाळाचं हृदय पहिल्या आठेक आठवड्यांत बनून जातं, दिवस गेलेत हे बाईला नीट कळेस्तोवर ते काम झालेलं असतं, तुम्ही काय करणार होता? हजार बाळं जन्मली की त्यात साधारण आठ-नऊ जणांच्या हृदयात जन्मतःच काही ना काही दोष असतो, आपल्या देशात वर्षाला अशी दोन लाखाच्या वर बाळं जन्मतात. एवढ्या सगळ्यांच्या आया काय ग्रहणात भाजी चिरत बसल्या होत्या?

आता बारकीबद्दल सांगतो, कारण मूळ तिच्याबद्दल सांगायचंय, हृदयाबद्दल नाही.

ती खाली बसायची. चालायला लागली तेव्हापासूनच. पाचपन्नास पावलं चालली की टुणकन उकिडवी बसायची, गुडघे पोटाशी घेऊन. आम्हाला वाटायचं लाडात आलीय, उचलून घे म्हणते. डॉक्टर म्हणाले, तिला कुणी शिकवलेलं नाही, अशी मुलं आपली आपणच शिकतात. गुडघे असे दुमडले की पायाकडं जाणारं रक्त जरा अडतं, मग ते जास्त फुफ्फुसाकडं वळतं आणि जीवाला बरं वाटतं. रडून रडून एकदम निळी पडली तर अक्काने तेच करायचं, तिला छातीशी धरून गुडघे पोटाशी दाबायचे, शांत करायचं, आणि दवाखाना गाठायचा.

पण बारकीच्या लेखी तो उपचार वगैरे नव्हता. ती बसायची आणि बसल्या जागी तिला काहीतरी सापडायचं. आपण उभी माणसं, आपल्याला जमिनीवरचं काय दिसतंय? भद्रावती पेठेतल्या त्या गल्लीत सकाळपासून मागाचा खडखडाट, दारात सुताचे कोन, कांड्या भरणाऱ्या बाया, आणि जमिनीवर ह्या सगळ्याचा पसारा. तिला रंगीत सुताचे तुकडे सापडायचे, रिकामी कांडी, शर्टाचं बटण, गोटी, एकदा चक्क कुणाच्या तरी मंगळसूत्रातला काळा मणी. समोरच्या तेलुगू आज्जी सूप मांडीवर घेऊन दिवसभर विड्या वळायच्या, त्यांच्याकडचा विडी बांधायचा दोरा तर बारकीला हक्काने मिळायचा. हे सगळं एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात जायचं. डब्याला कुणी हात लावला की घर डोक्यावर. आणि घर डोक्यावर घेणं तिच्या तब्येतीला परवडणारं नव्हतं, त्यामुळं डब्याला कुणीच हात लावायचं नाही, असा सगळ्या गल्लीत कायदा झाला होता. तिला हे बरोबर कळलं होतं, लई चालू होती.

संक्रांतीला बोरन्हाण केलं होतं तिचं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर मुकुट, पाटावर बसवली आणि वरून बोरं, चुरमुरे, रेवड्या, गोळ्या-चॉकलेटं ओतली. गल्लीतली पोरं धाडकन तुटून पडली, एकमेकांच्या अंगावर, धक्काबुक्की, आणि ही तर आधीपासूनच खाली बसलेली. शांतपणे झबल्याचा ओचा करून एकेक उचलत होती. पोरं उठून बघतात तर सगळ्यात जास्त माल हिच्याकडं. आमची आई हसून हसून बेजार. मला तो दिवस आठवतो तेव्हा बारकीला काही झालं होतं हे आठवतच नाही, फक्त तिचं ते बेरकी तोंड आठवतं.

आणि गड्डा. सोलापूरच्या बाहेरच्यांना सांगतो, संक्रांतीला आमच्या सिद्धेश्वराची यात्रा असते, सात नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, होम होतो, आणि होम मैदानावर जी जत्रा भरते तिला आम्ही गड्डा म्हणतो. नंदीध्वजाच्या मिरवणुकीत माणसं पांढरी बाराबंदी घालून असतात. दाजींची बाराबंदी बघून हिने पण मला पाहिजे म्हणून हट्ट धरला, पोरींची कुठं असते म्हणेपर्यंत दाजींनी टेलरकडून शिवून पण आणली, एवढीशी. ती घालून ती होम मैदानावर दर थोड्या अंतराने बसत बसत फिरली. फुगेवाला, पाळणेवाला, सगळ्यांना वाटलं पोरगी रुसलीय. एक बाई दाजींना म्हणाल्या, "घ्या की हो काय मागतीय ते, कशाला रडवायलाय." दाजींनी काही सांगितलं नाही. घेऊन टाकलं एक भिरभिरं.

पहिलं ऑपरेशन पाच महिन्यांची असताना झालेलं. फुफ्फुसाकडच्या तिच्या नळ्या फार बारीक, त्यामुळं लगेच पूर्ण दुरुस्ती जमणार नाही, आधी शंट टाकू, नळ्या जरा वाढू दे, मग मोठं ऑपरेशन, असं ठरलं. शंट म्हणजे तीन-चार मिलिमीटरची कृत्रिम नळी, हाताकडं जाणाऱ्या रक्तवाहिनीतून फुफ्फुसाकडं काढलेली आडवाट. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा फुले योजनेत बसलं, नाहीतर दाजींना गावाकडचं शेत काढावं लागलं असतं. कागदपत्रांच्या पायी जी धावपळ झाली ती लिहीत नाही, ती सगळ्यांनाच ठाऊक आहे.

शंटनंतर तिच्या छातीवर तळहात ठेवला की आत बारीक थरथर लागायची, आणि कान लावला तर सतत घर्रर्र असा आवाज. अक्का घाबरली. डॉक्टर म्हणाले, अहो हा आवाज असलाच पाहिजे, रक्त वाहतंय म्हणून येतोय, बंद झाला तर लगेच या. दाजी एवढंच म्हणाले, "म्हणजे आवाज हाय तोवर माग चालू हाय." त्यानंतर अक्का रोज रात्री तिच्या छातीवर हात ठेवूनच झोपायची. अजून एक पथ्य होतं, अंगातलं पाणी कमी पडू द्यायचं नाही, रक्त घट्ट झालं तर शंट बंद पडू शकतो, त्यासाठी रक्त पातळ ठेवायची छोटीशी गोळी पण रोज. आता सोलापुरात हे पथ्य! मे महिन्यात पारा 43-44 वर आणि नळाला पाणी चार-पाच दिवसांआड. अक्काने एक हंडा फक्त बारकीचा म्हणून वेगळा ठेवला होता, पाव्हणा आला तरी त्यातलं पाणी मिळायचं नाही.

पुण्याला तपासणीला हुतात्मा एक्सप्रेसने जायचो, पहाटेची, संध्याकाळी परत निघते म्हणून सोयीची. चार हुतात्म्यांच्या नावाची गाडी आहे ती, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेले. आमच्या गावाला आठवण ठेवायची सवय आहे बरं का, चार पुतळे आहेत, गाडी आहे, भैय्या चौकात चीनमध्ये जाऊन सेवा करता करता गेलेल्या डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. कोटणीस गेले तेव्हा अवघे 32 वर्षांचे होते. मोठं काम करून गेलेल्याची आठवण कशी ठेवायची ते गावाला चांगलं कळतं. ज्याला काही करायला वेळच मिळाला नाही त्याचं काय, हा माझा प्रश्न होता, आणि तो कुणाला विचारायचा तेच कळत नव्हतं.

गाडीत बारकी खिडकीपाशी. भिगवणच्या आसपास उजनीचं पाणी दिसायला लागलं की तिचा दरवेळी एकच प्रश्न, एवढं पाणी हाय तर आपल्या नळाला का येत नाही? डब्यातले सगळे हसायचे. एकदा समोर एक रिटायर्ड इंजिनिअर बसले होते, त्यांनी बिचाऱ्यांनी खरंच जलवाहिनी, पंप असं सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बादलीनं आणा."

मोठं ऑपरेशन चार वर्षांची व्हायच्या जरा आधी झालं. त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. आत नेलं, बराच वेळ लागला, सर्जन बाहेर येऊन म्हणाले दुरुस्ती चांगली झाली. पण जाड झालेला उजवा कप्पा नव्या कामाला लागेना, औषधांवर औषधं चालू होती, आणि आयसीयूमध्येच ती गेली. कुणी काही चुकवलं नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण नंतर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला कुणाची तरी चूक पाहिजे होती, दवाखाना बदलायला पाहिजे होता, हैदराबादला न्यायला पाहिजे होतं, नवस फेडायचा राहिला असेल. आणि हेही तितकंच मुद्दाम लिहितोय, की ह्या आजाराची बहुतेक मुलं आज ऑपरेशननंतर चांगली जगतात, शाळेत जातात, नोकऱ्या करतात, लग्नं करतात. कुणाच्या घरात असं लेकरू असेल तर आमच्या बारकीवरून अंदाज बांधू नका, हात जोडून सांगतो.

नंतर बऱ्याच रात्री मी मोबाईलवर ह्या आजाराबद्दल वाचत बसायचो. त्याने काय होणार होतं? काही नाही, झोप यायची नाही एवढंच. त्यात मला हेलन टॉसिग भेटल्या. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मुलांच्या हृदयाच्या डॉक्टर, आणि त्यांना ऐकायला फार कमी यायचं. स्टेथोस्कोपवर भिस्त ठेवता येईना म्हणून त्या मुलांच्या छातीवर बोटं ठेवून हृदय ओळखायच्या. हे वाचलं आणि मला अक्काचा रात्रीचा हात आठवला. निळ्या बाळांच्या फुफ्फुसात जास्त रक्त पोचवता येईल का, हा प्रश्न त्यांनी सर्जन आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्यापुढं ठेवला. आणि ते कसं करायचं हे कुत्र्यांवर प्रयोग करून हातानं बसवलं ते व्हिव्हियन थॉमस ह्या माणसाने. कृष्णवर्णीय माणूस, आधी सुतारकाम करायचा, डॉक्टर व्हायचं म्हणून साठवलेले पैसे मंदीत बँकेबरोबर बुडाले, लॅबमध्ये मदतनीस म्हणून लागला आणि कागदोपत्री त्याची नेमणूक नि पगार सफाई कामगाराचा. 29 नोव्हेंबर 1944 ला पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा ब्लेलॉक यांच्या मागं स्टुलावर उभा राहून हा सांगत होता, असं घ्या, तसं घ्या. तोच शंट, पुढं सुधारत सुधारत, बारकीला मिळाला. थॉमसला त्याच संस्थेने 1976 मध्ये मानद डॉक्टरेट दिली.

दाजींना मी हे सांगितलं. स्वतः जॉबर, मागाचं एकही पुस्तक न वाचता नुसत्या हाताने मशीन लाईनवर आणणारा माणूस, त्यांना थॉमस एकदम कळला. "पगार शेवटपर्यंत तेवढाच दिला का रं?" एवढंच विचारलं.

एक गोष्ट मात्र मी अक्काला खूप दिवस सांगितली नव्हती. ती पहिली मुलगी. ऑपरेशनने सुधारली, घरी गेली, आणि काही महिन्यांनी पुन्हा ऑपरेशनची वेळ आली त्यानंतर ती गेली. मला भीती, अक्काला काय वाटेल. शेवटी सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तिच्या आईला माहीत होतं का, की पुढं एवढी लेकरं वाचली म्हणून?" मला काही सांगता आलं नाही. पण तिथून अक्काचं काहीतरी हललं असं मला वाटतं, हे माझं मत, ती स्वतः असलं काही बोलणार नाही.

त्यावर्षीच्या संक्रांतीला तिने गल्लीत निरोप दिला, पाच वर्षांच्या आतली पोरं घेऊन या, बोरन्हाण करतेय. आता आपल्याकडं जिचं लेकरू गेलंय तिने दुसऱ्याच्या लेकराच्या डोक्यावर बोरं ओतायची म्हणजे काय होतं ते सांगायला नको. तोंडावर कुणी बोललं नाही. कुणाच्या पोराला सर्दी झाली, कुणी माहेरी गेली, कुणी नुसतंच दार लावून घेतलं. अक्का काळी साडी नेसून, पाट मांडून, परात भरून बसलेली, मी आणि आई तिच्या तोंडाकडं बघायचं टाळत होतो. मग समोरच्या तेलुगू आज्जी उठल्या, सूप बाजूला ठेवलं, पदराला तंबाखूचे हात पुसले, आपल्या नातवाला काखोटीला मारून आणलं आणि धपकन पाटावर बसवलं. त्यांचं मराठी मोडकंतोडकं, पण आवाज खणखणीत. "ओत गं. बघू कोन काय म्हनते." अक्काने ओतलं. चॉकलेट उडालेलं बघून पोरं थोडीच घरात थांबतायत? दारं उघडली, पोरं आधी आली, आया मागून आल्या.

आता ते दरवर्षी होतं. त्याला काही नाव नाही, बॅनर नाही, बारकीचा फोटो लावलेला नाही. फोटोला हार घालायला अक्का तयारच नाही, म्हणते हार घातला की माणूस भिंतीवर जातो. एकच पद्धत पडलीय, पोरांनी धक्काबुक्की करायची नाही, सगळ्यांनी खाली उकिडवं बसून वेचायचं. का, ते नवीन पोरांना माहीत नाही, त्यांना वाटतं हा बोरन्हाणाचा नियमच आहे. आणि त्या गडबडीत अक्का आयांशी बोलत बोलत लेकरांची नखं बघते, ओठ बघते. दूध पिताना दमतंय का, घाम येतोय का, वजन वाढतंय का, वारंवार छाती भरतीय का, आणि चालता चालता खाली बसतंय का. शंका आली तर अंगणवाडीत पाठवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं, 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झालेली योजना आहे ती, तिथून पुढं इको आणि गरज पडली तर ऑपरेशनपर्यंत सोय होते. अक्का काही डॉक्टर नाही, तिला वाटलेल्या शंका बहुतेक वेळा फुकट जातात, आणि फुकट गेली की तिला केवढा आनंद होतो.

भाचा झालाय मधल्या काळात. त्याचं हृदय अक्का पोटात असतानाच बघून घेतलं होतं, पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी होते तशी, अगदी व्यवस्थित आहे. "एकच का?" असं कुणी विचारलं की अक्का सांगते, दोन, मोठी मुलगी होती. समोरची बाई गडबडते, विषय बदलायला बघते, पण अक्का बदलू देत नाही, दोन वाक्यं तरी सांगतेच. आधी मला हे अवघड जायचं. मला वाटायचं कशाला उगीच समोरच्याला अडचणीत टाकायचं. आता वाटतं, पडू दे की जरा अडचणीत.

भाचा आता सहा वर्षांना टेकलाय. त्याने परवा हिशोब केला की ताई चार वर्षांची पण नव्हती आणि मी सहा वर्षांचा होणार, म्हणजे आता मोठा मी. त्यामुळं बिस्किटाचा डबा आता आपल्याकडं पाहिजे असं त्याचं म्हणणं आहे. अक्का म्हणते, कायदा कायदा असतो, डब्याला हात लावायचा नाही. भांडण चालू आहे.

हे सगळं लिहून मी काल अक्काला वाचून दाखवलं. ऐकून घेतलं तिने, मध्ये दोनदा उठून गॅस बारीक करून आली. मग म्हणाली, "फार गुणाची करून ठेवलायस तिला. चावायची, ते लिही की." खरंय, चावायची. मला चावलीय, इको काढणाऱ्या डॉक्टरांना चावलीय, आणि गड्ड्यात उंटावर बसवलं नाही म्हणून दाजींच्या खांद्याला असा चावा घेतला होता की बाराबंदीतून वण उठला होता. "आणि बोरं वेचायची पण खायची नाही. आंबट लागायची तिला. मला विकायची, रुपयाला एक." हे मला खरंच माहीत नव्हतं. मी म्हटलं, मग दिलेस का पैसे?

"रोख कुठले, सगळं उधारीवर."

भाचा तिथंच चुरमुरे खात बसला होता. त्याने लगेच विचारलं, मग ते पैसे आता मला मिळणार का.